जिवंताचं सुतक

पुंजारामनं तिला पाहिलं आणि मान फिरवली. एवढंच झालं. स्टेशनाच्या बाजूनं मिरवणुकीची मोटार हळूहळू येत होती, वर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पातून परतलेली माणसं दाटीवाटीनं उभी होती, गळ्यात झेंडूच्या माळा, गालांची हाडं वर आलेली, आणि खाली कालपरवापर्यंत निजामाच्या जवानाला वाकून सलाम करणारे लोक घसा फुटेस्तोवर जयजयकार करत होते. शरयू किराणा दुकानाच्या फळीला टेकून उभी होती. हातात हळकुंडांची पुडी. आपल्याला मिरवणूक बघायची नाही, रस्ता मोकळा व्हायला हवा आहे इतकंच, असं ती स्वतःला सांगत होती आणि डोळे मात्र मोटारीवरचा एकेक चेहरा चाळत होते. गिरिधर त्यांत नव्हता. पुंजाराम होता. धावडा गावचा शेतकरी, ज्वारीची गाडी घेऊन जालन्याला यायचा, त्यांच्या परसदारी बसून पिठलं-भाकरी खायचा आणि खाताखाता कॅम्पातले निरोप सांगायचा, तोच पुंजाराम. त्याची नजर तिच्यावर आली, थबकली, ओळखीची झाली. मग त्यानं मान अशी फिरवली की जणू पलीकडून कुणी त्याला हाक मारली. पलीकडे अत्तारवाल्याचं दुकान होतं. त्याला आता दार नव्हतं, फळ्या नव्हत्या, आत अत्तारवालाही नव्हता. तिथून त्याला कोण हाक मारणार?

विधवेचं तोंड समोर आलं की लोक मान फिरवतात, ह्याची गेल्या मार्गशीर्षापासून तिला सवय झाली होती. कुणी सरळ फिरवतात, कुणी चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून खाली वाकतात. पण पुंजारामला तसं करायचं कारण नव्हतं. ती विधवा नाही हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. साऱ्या जालन्यात ही गोष्ट तीन माणसांना माहीत होती, तिला, सासूला आणि सासऱ्यांना. आणि जालन्याबाहेर कॅम्पात. मामंजी म्हणाले होते, तसा निरोप पाठवलाय. गिरिधर जिवंत आहे, पोलिसांसाठी मेला आहे, आणि त्याच्या बायकोचं कपाळ पुसलेलं आहे ते पोलिसांसाठी. मोटार पुढं गेली, मागून धूळ आली, धुळीत जिनिंगमधल्या सरकीचा तो नेहमीचा जड वास आला. दुकानदार म्हणाला, "बाई, सुटे घ्या की." तो दोनदा म्हणाला असावा.

घराकडे चालताना तिनं कारणं शोधली. कारणं शोधायला ती पहिल्यापासून हुशार, गिरिधर म्हणायचा, तुला वकील करायला पाहिजे होती. कदाचित पुंजारामला वाटलं असेल, भर रस्त्यात ओळख दाखवली तर बाईची पंचाईत. कदाचित गिरिधर कुठं दुखण्यात पडला असेल आणि ते सांगायचं जिवावर आलं असेल. हैदराबादच्या तुरुंगात असेल. पाय गेला असेल, डोळा गेला असेल. कॅम्पातल्या एखाद्या मुलीबरोबर राहत असेल, हेही तिनं विचार करून पाहिलं, आणि नवल म्हणजे तिला बरं वाटलं. राहू दे. कुणाबरोबर का असेना, राहत तर असेल. मास्तरकी सोडून गेला त्या दिवशी तो फार बोलला नव्हता. शाळेवर झेंडा लावला म्हणून वॉरंट निघालं होतं, आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून गूळ-शेंगदाणे खात होता. म्हणाला, "लौकर येतो." ती म्हणाली, "लौकर म्हणजे?" त्यानं हातातले शेंगदाणे मोजल्यासारखे केले आणि हसला. तिला तेव्हा राग आला होता. देश, राज्य, निजाम, हे सगळं बराबर आहे, पण ज्याला लौकर म्हणजे काय हे सांगता येत नाही त्यानं लग्न करू नये, असं तिला तेव्हाही वाटलं होतं आणि अजूनही कधी कधी वाटायचं.

तो गेल्यावर घरावर पाळत बसली. पोलीस अमीन यायचा, मामंजी त्याच्याशी अस्खलित उर्दूत बोलायचे. आयुष्य निजामाच्या महसूल कचेरीत गेलेलं, अमीन त्यांना जनाब म्हणायचा आणि घराची झडती घ्यायचा. मग एक दिवस तिलाच ठाण्यावर नेलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. कुणी हात लावला नाही, कुणी मोठ्यानं बोललंही नाही. फक्त येणारा-जाणारा बघून जायचा, सावकाश, बाजारात बैल बघावा तसा. संध्याकाळी सोडताना अमीन मामंजींना म्हणाला, मी सरकारी माणूस आहे, माझ्या ठाण्यात तुमची सून सुरक्षित आहे. पण आता रझाकारांची पोरं विचारायला लागली आहेत, आणि ती ठाण्यात नेत नाहीत. मामंजी घरी आले ते पगडी न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "गिरी मेला तर हे थांबेल." सासूनं, आत्याबाईंनी, हातातलं ताट खाली आपटलं. ते शांतपणे म्हणाले, "खरा नव्हे. कागदावर. एखादं बेवारस प्रेत मिळालं तर मी ओळख पटवीन. बापानं ओळख पटवली की सरकार मानतं. सूनबाई, तुमची तयारी आहे?" कशाची तयारी ते त्यांनी सांगितलं नाही. तिनं हो म्हटलं. बाकावरचा तो दिवस अंगावर होता, तिनं कशालाही हो म्हटलं असतं.

प्रेत मिळायला फार दिवस लागले नाहीत. त्या वर्षी नद्यांना प्रेतांचा तोटा नव्हता. शहागडला गोदावरीच्या काठाला एक माणूस लागल्याचं कानावर आलं, तोंड माशांनी खाल्लेलं, अंगावर धोतर, जानवं. मामंजी त्याच सकाळच्या मोटारीनं निघाले. निघताना आत्याबाईंनी विचारलं, "जित्या लेकाच्या नावानं अग्नी देणार? देवाला काय सांगाल?" ते म्हणाले, "अग्नी त्या बिचाऱ्यालाच. त्याचंही कुणी असेलच, त्यांना नाही जमत, मी देतो. नाव तेवढं आपल्या गिरीचं." दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. दोघी दारात उभ्या होत्या. त्यांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल वाळलेला होता, डोळे लाल होते, आणि शेजारपाजार दारात आलेला होता, म्हणून शरयूनं ओठ न हलवता, अगदी हळू विचारलं होतं, "जमलं का?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, "जमलं." आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. तिला आठवतं, आत्याबाई आत येऊन तिच्या कानात म्हणाल्या होत्या, "ह्यांना इतकं सोंग येतं हे मला पस्तीस वर्षांत कळलं न्हाई."

मग त्याही रडल्या, तीही रडली. रडणं अवघड नव्हतं. सुरू केलं की येतं, असं तिला त्या दिवशी कळलं. ठाण्यावरच्या बाकासाठी, उंबऱ्यावरच्या त्या शेंगदाण्यांसाठी, सगळ्या भीतीसाठी ती रडली आणि शेजारणी म्हणाल्या, रडू द्या, मोकळी होऊ द्या. दहाव्याला कुंडलिका नदीच्या काठी अमीननं एक जवान पाठवला होता. तो लिंबाखाली बसून सगळं बघत होता, म्हणून काही कमी करून चालणार नव्हतं. वरच्या पायरीवर बायकांनी तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या. मनगटाला काच लागली, थोडं रक्त आलं. खाली पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. कावळे होते, चांगले सात-आठ, झाडावर बसून नुसते बघत होते. भटजींनी विचारलं, मनात काय राहिलं असेल ते बोला. कुणी म्हणालं, आईला सांभाळू म्हणा. कुणी म्हणालं, शाळेचं म्हणा. शरयूला त्या गंभीर प्रसंगी हसू यायला लागलं होतं. कसा शिवणार? जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवेल कसा? पक्ष्याला कळतं ते ह्यांना कळत नाही. मग मामंजी पुढं झाले, वाकले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, आणि एक कावळा उतरला. तिचं हसू तिथंच थांबलं. योगायोग, दुसरं काय, भुकेला कावळा. जवान उठला, टोपी काढून हातात घेतली आणि तिच्या बाजूला न बघता म्हणाला, "सबर करो, बेटी." त्या माणसाला आपण फसवतोय ह्याची तिला लाज वाटली.

त्यानंतर पोलीस आले नाहीत. ज्यासाठी केलं ते साधलं. पण सोंग एकदा अंगावर घेतलं की ते नुसतं दारात घालायचं आणि घरात काढून ठेवायचं, असं होत नाही. संक्रांतीला तिच्या डोळ्यांदेखत बायका तिला ओलांडून पुढच्या दारी गेल्या. शेजारच्या मुलीच्या लग्नात तिला कोठीच्या खोलीत सुपाऱ्या निवडत बसवलं, मायेनंच बसवलं, बाहेर उन्हात कशाला येतेस म्हणाले. पैठणहून मामंजींची चुलत बहीण आली आणि केस काढायची गोष्ट बोलली. तेव्हा मामंजी ज्या आवाजात ओरडले तो आवाज तिनं पूर्वी ऐकला नव्हता: माझ्या घरात कुणाच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. तिला वाटलं होतं, बरोबर आहे, गिरिधर परत येईल तेव्हा केस एका दिवसात कुठून आणायचे. प्रत्येक गोष्टीला असं एक बरोबर कारण होतं. मधूनमधून मामंजी बाजारातून आले की टोपी खुंटीला लावता लावता सांगायचे, "सुखरूप आहे म्हणे. एकजण भेटला होता." आत्याबाई लगेच देवापुढे साखर ठेवायच्या. कोण एकजण, कुठं भेटला, हे विचारायचं नाही असं ठरलेलंच होतं. आणि शरयूनं स्वतःसाठी एक गोष्ट केली होती, ती कुणालाच माहीत नव्हती. नवरा जिवंत असताना उघड्या कपाळानं अन्नाला शिवायचं नाही, हे तिच्या आईनं तिला इतकं लहानपणी सांगितलं होतं की ते शिकवलंय असं वाटतच नसे. ती रोज न्हाणीत अंघोळ झाली की करंड्यातलं चिमूटभर कुंकू बोटावर घेऊन पोलक्याच्या आत, छातीच्या हाडावर टेकवायची. मग दिवसभर बायका तिची कीव करत असल्या तरी त्या जागी तिला ते जाणवायचं, किंचित खरखरीत, घामानं ओलसर. त्या बायकांचा तिला हेवा वाटत नसे. तिला वाटायचं, तुमचं सौभाग्य चारचौघांत मिरवायचं, माझं हे असं. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा गर्वच झाला होता.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजाम शरण आला, अमीन एका दिवसात कुठं गेला ते कळलं नाही. त्या संध्याकाळी तिनं करंडा बाहेर काढला होता. मामंजी म्हणाले, "थांबा, सूनबाई." ती म्हणाली, "आता कुणासाठी थांबायचं?" ते म्हणाले, "त्याला येऊ द्या. लोकांना एकदम काय सांगायचं?" आणि तेही बरोबर कारण होतं. आत्याबाईंना मात्र उत्साह मावत नव्हता. त्यांनी एका भटजींना, कुणा तिसऱ्याच घरातली गोष्ट आहे असं भासवून, विचारून घेतलं होतं की ज्याचं दहावं-तेरावं झालं तो माणूस परत आला तर काय करायचं. भटजी म्हणाले, तो पुन्हा जन्माला आला असं धरायचं. जातकर्म करायचं, बारसं करायचं, मुंज करायची, आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. झालं. आत्याबाईंनी जुन्या खणाची एक कुंची शिवली, तान्ह्या मुलाची असते तशी, तीस वर्षांच्या मास्तरच्या डोक्यावर नुसती टेकवायला. ती दाखवताना त्या हसून हसून लाल व्हायच्या. "नाव दुसरं ठेवता येतं म्हणे, पण आपण गिरिधरच ठेवू. मला सवय न्हाई व्हायची." आज तिला हळकुंडं आणायला त्यांनीच धाडलं होतं. तिच्याच लग्नाची हळद. दुकानदारानं पुडी बांधताना तिच्या कपाळाकडे बघितलं होतं आणि तिला मजा वाटली होती. मोटार यायच्या आधीची ती मजा आता फार दिवसांपूर्वीची वाटत होती.

ती घरी पोचली तेव्हा मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं, ते वाचत नव्हते. ती म्हणाली, "कॅम्पातली माणसं आली. पुंजाराम दिसले मोटारीवर." त्यांनी पत्राची घडी घातली. "बोलला का काही?" "न्हाई. त्यांनी बघितलं आणि..." मामंजी म्हणाले, "गर्दीत दिसलं नसेल." त्यांचा आवाज साधा होता. उठून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. भर दुपारी ते कधी दार लावत नसत. आत्याबाई माजघरात जात्यापाशी बसल्या होत्या, त्यांनी हात पुढं करून पुडी घेतली, एक हळकुंड दातानं मोडून पाहिलं आणि म्हणाल्या, चांगली आहे, पिवळी धमक आहे.

पुंजाराम त्याच दुपारी आला. पुढच्या दारानं नाही, सवयीनं परसातून. माळ काढून टाकलेली होती पण मानेला झेंडूची पाकळी चिकटली होती. शरयू भांडी घासत होती. आतून जात्याची घरघर येत होती आणि आत्याबाई काहीतरी गुणगुणत होत्या. तो दगडावर बसला नाही. उभाच राहिला, मुंडासं हातात घेऊन.

"वैनी, सकाळी तुम्हाला बघितलं न् मान फिरवली. गळ्यात माळ व्हती ना. लाज वाटली."

"कसली लाज?" ती म्हणाली. हाताला राख लागलेली होती. तिनं हात धुतले नाहीत.

"मास्तरच्या मातीला येता आलं न्हाई. सरहद्दीवर नाकेबंदी व्हती. मंग लई दिवस गेले, मंग तोंड कसं दाखवावं म्हणून राह्यलो तसाच. कॅम्पात आम्ही सगळे त्या दिवशी जेवलो न्हाई. मला म्हणले व्हते मास्तर, शहागडला मी जातो, तू थांब, तुझी पेरणी ऱ्हायलीय. बीडच्या लोकांना निरोप द्यायचा व्हता, पलीकडं. नावेतच धरलं त्यायला रझाकारांनी. माझ्या जागी गेल्ते वैनी."

जातं फिरत होतं. शरयूला फक्त जातं ऐकू येत होतं, आणि त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती, आणि प्रत्येक शब्द मात्र नीट कळत होता. तिनं एक वाक्य शोधलं. विचारायला सोपं असं.

"शहागडला जे प्रेत मिळालं," ती म्हणाली, "ते त्यांचंच होतं, हे कुणी बघितलं?"

पुंजारामनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. मग त्याला वाटलं असावं, दुःखात माणूस असंच विचारतं. तो हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, "आमचा एक माणूस व्हता ना तिथं गर्दीत. त्यानं समदं सांगितलं आम्हाला. काकांनी तोंडावरचं फडकं काढलंच न्हाई. पाय बघितले. एक पाय मांडीवर घेतला न् बसले. लई वेळ. पोलीस विचारू लागला, पहचानते हो का, तर काका बोलतच न्हाईत. पायावरून हात फिरवून राह्यले नुसते. मंग लोकांनीच सांगितलं, बाप हाय. बराबर हाय."

आतलं जातं थांबलं. "कोण आलंय गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कुणी नाही," शरयू म्हणाली. मग पुंजारामला म्हणाली, "भाऊ, तुम्ही आता जा. आत्याबाईंना भेटू नका. आज नको." त्यानं मान डोलावली. जाता जाता त्यानं वाकून तिच्या पायाकडे हात नेला, आणि ती मागं सरली, कारण विधवेनं कुणाला पाया पडू द्यायचं नसतं, हे सोंग तिच्या अंगवळणी पडलं होतं. मग तिला आठवलं, आता ते सोंग नव्हतं.

ती न्हाणीत गेली. दार लावलं. पोलक्याची गाठ सोडली आणि छातीचं हाड घासलं, पहिल्यांदा हातानं, मग भांड्यांच्या राखेनं. सकाळचं कुंकू लगेच निघालं, त्याखालची जागा मात्र लालच राहिली, रोज एकाच ठिकाणी लावून कातडी रंगली होती. ती घासत राहिली. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही. ते तर तिनं मार्गशीर्षातच खर्चून टाकलं होतं, शेजारणींच्या पुढ्यात, जवानाच्या पुढ्यात, खोट्यासाठी. आता खऱ्याला काही शिल्लक नव्हतं. गिरिधर मेला होता आणि त्याचं सुतक फिटलं होतं, तेरावं झालं होतं, मासिकं झाली होती, लोक त्याला विसरूनही गेले होते, आणि ह्या सगळ्यात फक्त तिला कुणी कळवलं नव्हतं. मामंजींना कळलं होतं. मामंजींना पहिल्या क्षणापासून कळलं होतं. टोपी खुंटीला लावताना सुखरूप आहे म्हणे, असं ते म्हणत होते आणि आत्याबाई साखर ठेवत होत्या आणि तीच साखर तिनं प्रसाद म्हणून खाल्ली होती. तिला इतका राग आला की तिचे दात एकमेकांवर वाजले. मेलेल्या माणसाचा राग येत नाही म्हणतात. तिला त्याचाही आला. माझ्या जागी गेले म्हणे. सगळ्यांच्या जागी जायला तेवढा वेळ होता त्याला.

मामंजींचं दार तिनं न विचारता उघडलं. ते पलंगावर न बसता खाली भिंतीशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना कळलं.

"पुंजाराम आला होता," ते म्हणाले.

"तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"हो."

"मी हसत होते. दहाव्याला मी घाटावर हसत होते, मामंजी."

त्यांनी मान हलवली. ते त्यांनी पाहिलेलं होतं. "शहागडहून निघालो तेव्हा सांगायचं म्हणूनच निघालो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, पहिल्यांदा तुम्हाला सांगायचं, मग हिला. दारात दोघी उभ्या होत्या. तुम्ही विचारलंत, जमलं का. तुमचा चेहरा... मी जमलं म्हणालो. मग त्यानंतर सांगायला जागाच राहिली न्हाई. वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग वाटलं, तेवढेच चार दिवस बऱ्या राहतील. अशानं दिवस गेले. पायाचा अंगठा तसाच होता त्याचा, सूनबाई. लहानपणी मीच तेल लावायचो. पाण्यानं काही फरक पडला नव्हता."

तिला वाटलं होतं, आपण पुष्कळ बोलू. वकील करायला पाहिजे होती. ती नुसतं म्हणाली, "कावळ्याला काय म्हणालात?"

"तुमचं नाव घेतलं. तिला बघेन म्हणालो."

ती खाली बसली, उंबऱ्यावरच. हा म्हातारा माणूस इतके महिने ह्या खोलीत एकटा सुतक पाळत होता, आणि बाहेर आपण दोघी एका माणसाच्या परत येण्याची तयारी करत होतो. त्याची दया यायला हवी होती. आली नाही, पण राग होता तसा राहिला नाही, त्याला कुठं ठेवायचं ते तिला कळेना. "आत्याबाईंना कधी सांगणार?" तिनं विचारलं. मामंजींनी हात जोडले. तिला पहिल्यांदा समजलं नाही की कुणाला. त्यांनी तिलाच हात जोडले होते. "मला न्हाई जमणार," ते म्हणाले. "ती कुंची शिवली तिनं. मला न्हाई जमणार."

माजघरातून पावलं आली. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या, कोपरापर्यंत हळदीनं पिवळ्या, एका हातात करंडा. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्यावर बसलेल्या सुनेकडे.

"परसात कोण पुरुषमाणूस बोलत होतं? मला खोटं सांगू नको. पुंजारामचा आवाज मी ओळखते."

मामंजी भिंतीकडे बघत होते. शरयूला त्यांची पाठ दिसत होती, सदऱ्यातून मणके वर आलेले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर भीती होती, उघडी, लहान मुलीसारखी. म्हणजे त्यांनाही भीती वाटते तर. म्हणजे रोज हसून हसून लाल होताना ही भीती खाली असतेच. आता एक शब्द. तिनं तोंड उघडलं, आणि काय बाहेर येईल हे खरोखर तिला माहीत नव्हतं.

"पुंजारामच होते," ती म्हणाली. "म्हणाले, कॅम्प अजून पुरा सुटला नाही. तिकडचा हिशेबबिशेब आहे, माणसं पोचवायची आहेत. मास्तर सगळ्यांत शेवटी निघतील, म्हणाले."

"म्हणजे बरा आहे."

"बरे आहेत."

आत्याबाईंनी श्वास सोडला. त्या एकदम तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि करंड्याचं झाकण काढलं. "मंग आता मी कुणाचं ऐकायची न्हाई. हे म्हणतात थांबा थांबा. कशाला थांबायचं? सरकार आपलं आलं, नवरा बिलकुल सुखरूप आहे, आणि तू अशी फिरून राह्यलीस. लोकांना काय सांगायचं ते मी सांगते. इकडं ये."

शरयूनं मामंजींकडे पाहिलं नाही. त्यांनी तोंडावर उपरणं घेतल्याचं तिला न बघताच कळलं. आत्याबाईंनी पिवळ्या बोटानं आधी मेण लावलं, मग करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, आणि डाव्या हातानं तिची हनुवटी वर उचलली.

"हलू नको," त्या म्हणाल्या. "वाकडं होईल."

शरयू हलली नाही.